रेवतीसाठी विनंती

सत्यशीलाबाईंना मालिका बघायचा नाद आहे असं कुणी म्हटलं तर त्या खवळायच्या. नाद दारूचा असतो, तंबाखूचा असतो. आपण मालिका बघतो ती बोध घ्यायला, असं त्यांचं म्हणणं. आणि बोध त्या खरंच घ्यायच्या. नुसत्या घ्यायच्या नाहीत, गावभर वाटायच्या. युसूफ वडगावच्या ख्रिस्ती वस्तीत विसेक घरं, एक पत्र्याचं चर्च आणि रविवारी सकाळी पोरांची शब्बाथशाळा. ती शाळा बाई चालवत. येशूचे दाखले समजावता समजावता त्या कधी मालिकेत शिरायच्या ते पोरांना कळायचंही नाही. मालकिणीचे हरवलेले दागिने परत आणून देणारा मुनीम म्हणजे विश्वासू चाकर. मोटारीखाली सापडलेल्या म्हाताऱ्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारा उनाड पोरगा म्हणजे चांगला शोमरोनी. पोरंही वस्ताद. "बाई, मंग काल त्या पोराला पोलिसानं कावून धरलं?" असं एखादं विचारायचं आणि बाई म्हणायच्या, "थांब, पुढच्या भागात कळंल."

या बोधाची अडचण एकच होती. तो दर वेळी दुसऱ्याच्या वाट्याला जायचा. मालिकेतला मुलगा आईच्या पाया पडला की बाई आपल्या अंगदकडे बघायच्या. चहाड्या करणारी शेजारीण उघडी पडली की शेजारी बसलेल्या छबुबाईला कोपर मारायच्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही गोष्ट गावातल्या म्हणीतही आहे आणि शास्त्रातही आहे. बाईंना ती दोन्हीकडची पाठ होती, पण पाठ असणं वेगळं आणि लागू पडणं वेगळं.

घरात बाईंखेरीज तीन माणसं. मुलगा अंगद केजला डिश अँटेना बसवायचं काम करायचा. सून मनिषा परळीची, बापाची सगळी नोकरी तिथल्या थर्मल वीजकेंद्रात गेलेली. आणि चार वर्षांची नात राजनंदिनी, तिच्या बडबडीने पत्रे हलायचे. पण नाताळ झाला आणि त्या सालचा केक संपायच्या आत मनिषा लेकीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. आता उन्हं तापायला लागली होती, तरी तिचा पत्ता नव्हता. अंगद दर रविवारी दुपारी परळीला जायचा, लेकीशी खेळून रात्रीच्या मुक्कामाला परत यायचा आणि विचारलं तर "बरी हाय" एवढंच सांगायचा. बाईंना घर खायला उठायचं. पण हे त्या कबूल कशाला करतील?

झालं होतं असं. मनिषाला केजला ब्युटीपार्लरचा क्लास लावायचा होता. अंगदची ना नव्हती. बाईंची होती. पण बाई घरात काही बोलल्या नाहीत. गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थनेत, त्यांच्याच घरात, दहा-बारा बायका डोळे मिटून बसलेल्या असताना, त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली. "हे प्रभू, माज्या सुनेला सुबुद्धी दे. तिला लोकाच्या बायांच्या भुवया कोरायचा नाद लागलाय, तेवढा काढून टाक. चार दिवस घरात तिचा पाय ठरू दे. तिच्या मायबापानं जे वळण लावलं न्हाई, ते तू लाव, बापा." आणि सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, आमेन.

लेकी बोले सुने लागे म्हणतात. बाईंना लेक नव्हती, म्हणून त्यांनी देवालाच मधे घातलं. डोळे उघडले तेव्हा मनिषा जागेवर नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिशवी भरलेली होती. "मी तुला एक शब्द तरी बोलले का?" असं बाईंनी तिला विचारलं आणि तेव्हापासून तेच धरून त्या बसल्या होत्या. आपण देवाशी बोललो, सुनेशी नाही. यात चूक कुठली?

अशात सातच्या मालिकेत रेवतीवर आभाळ कोसळलं. रेवती म्हणजे मालिकेतली सून. गरिबाची, गोरीपान, तोंडातून शब्द न काढणारी. श्रीमंत सासूने तिला पोटुशी असताना घराबाहेर काढलं. त्या दिवशी सत्यशीलाबाई आणि छबुबाई दोघी पदर तोंडाला लावून रडल्या. छबुबाई जन्माची मैत्रीण, तिच्या घरचा टीव्ही उंदराने वायर कुरतडल्यापासून बंद, म्हणून ती रोज सातला इथेच.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आधीचे पाळक बदलून गेले होते आणि त्यांच्या जागी उत्तरेश्वर नावाचे तरुण पाळक नुकतेच आले होते. केजच्या देवाचं नाव आईबापाने ठेवलेलं, पुढे ते ख्रिस्ती झाले. नाव बदला म्हणून पुष्कळांनी सुचवलं, पण आईने हाक मारलेलं नाव टाकवत नाही म्हणून त्यांनी तेच ठेवलं. माणूस मनाचा मऊ. गाणं झालं, वचन झालं आणि पाळकांनी विचारलं, "कुणाची काही विनंती?" गुरुवारची रीतच ती. आजारी माणसाचं, परीक्षेच्या पोराचं, ऊसतोडीला गेलेल्या माणसांचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी मागायचं.

छबुबाईचं मन अजून काल रात्रीच्या भागातच होतं. ती म्हणाली, "रेवतीसाटी करा, पाळकसाहेब. पोटुशी पोरगी, सासूनं घराबाहेर काढली."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रेवती कोण हे तिथे पाळक सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. सत्यशीलाबाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच आलं. "लई गुणाची पोर हाय. तिला कुनी न्हाई." पाळकांनी डोळे मिटले. मग त्यांनी अशी प्रार्थना केली, की रेवतीची सख्खी आईसुद्धा तशी करती ना. तिच्या पोटातल्या बाळासाठी मागितलं, तिच्या पायाखालच्या वाटेसाठी मागितलं. शेवटी त्यांचाच आवाज फुटला. एवढ्या मायेने केलेल्या प्रार्थनेनंतर ती बाई टीव्हीतली आहे हे कोण सांगणार? सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि चहा घेतला.

पुढच्या गुरुवारी पाळकांनी आल्या आल्या विचारलं, "रेवती कशी हाय?" छबुबाईने सांगितलं, भावाने ठेवून घेतलं नाही, एका म्हातारीच्या घरात राहतीय. पाळक कळवळले. त्याच्या पुढच्या गुरुवारी कळलं, की तिला धुण्याभांड्याचं काम मिळालंय. पाळकांनी देवाचे आभार मानले. आता तर मागे फिरायची सोयच राहिली नाही. गुरुवार आला की आता उघडं पडेल म्हणून बायका धास्तावायच्या आणि तरी रेवतीची खबर द्यायला त्या हौसेने यायच्या. खरं सांगायचं तर प्रार्थनेला एवढी गर्दी कधी झाली नव्हती.

आणि एका बुधवारी, मालिका ऐन रंगात आलेली असताना, पाळकांची मोटरसायकल दाराशी थांबली. हेल्मेट हातात घेऊन ते उंबऱ्यातच उभे राहिले. "बसत न्हाई, मावशी. मला आज तेवढं रेवतीच्या सासरचं गाव सांगा. मी जाऊन तिच्या सासूला भेटतो. हात जोडतो. लई दिवस झाले, नुसतं मागत बसून भागायचं न्हाई."

तेवढ्यात टीव्हीतली सासू कडाडली, "रेवती, या घराच्या पायरीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही!"

छबुबाईने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला आणि घाबरून आवाजच वाढवला. रेवतीचं रडणं गल्लीपर्यंत गेलं. पाळकांनी टीव्हीकडे पाहिलं, मग सत्यशीलाबाईंकडे, मग पुन्हा टीव्हीकडे.

"ही रेवती?"

"व्हय," बाई खाली बघून म्हणाल्या.

"मी हिच्यासाठी दोन शुक्रवार उपास धरला."

छबुबाईने पदरात तोंड लपवलं. बाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. "माफ करा, पाळकसाहेब," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुमी एवढ्या जिवातून मागितलं, की खरं सांगायला जीभ रेटली न्हाई."

पाळकांचे कान लाल झाले होते. पण मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर ते हसले. हेल्मेट त्यांनी कोनाड्यात ठेवलं. "सरका, मावशी. उपास धरलाय तर निदान तोंड तरी बघतो तिचं." आणि ते बाजेच्या कडेवर बसले. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता, त्यामुळे ते लहान पोरासारखे टक लावून बघत राहिले. रेवती रडत रडत निघून गेली. सासूने दार लावलं. मोठ्या दिवाणखान्यात ती एकटीच खुर्चीवर बसली आणि जाहिराती लागल्या.

"हिच्यासाठी कुणी विनंती केली न्हाई एवढ्या दिवसांत?" पाळकांनी विचारलं.

"कुणासाटी? त्या सासूसाटी?" बाईंना आता बोलायला जागा मिळाली. त्या तावातावाने म्हणाल्या, "कशाला करायची? सोन्यासारखी सून जिनं चार लोकांत लाज काढून घालवली, तिचं नाव देवापुढं घेऊ बी नये. नातवंडाचं तोंड दिसायचं न्हाई तिला, तेव्हा कळंल."

रेवतीची लाज चार लोकांत कुणी काढली नव्हती. मालिकेत तसं काहीच घडलं नव्हतं. छबुबाई जमिनीकडे बघायला लागली, आणि ती बाईंकडे बघत नाहीये हेच बाईंना लागलं.

पाळकांना नाताळातलं काही माहीत नव्हतं. सून लेकीला घेऊन माहेरी गेलीय एवढंच ते ऐकून होते. ते आपल्या भोळेपणाने बोलले, "तुमचं बी खरं हाय. पण मला आपलं वाटलं, दार लावलं तरी आत तीच राहिली की. तिच्या घरात आता कोन हाय?"

बाईंना शब्बाथशाळेतली एक गोष्ट आठवली. दुसऱ्याची बायको हिसकावून घेतलेल्या एका राजाने गरिबाची गोष्ट ऐकली, ज्याची एकुलती कोकरी शेजारच्या श्रीमंताने हिसकावून नेली. राजा रागाने लालबुंद झाला, त्या श्रीमंताला सोडणार नाही म्हणाला. आणि गोष्ट सांगणारा संदेष्टा म्हणाला, तो माणूस तूच आहेस. ही गोष्ट पोरांना सांगताना बाई नेहमी बोट रोखून दाखवायच्या. पोरं दचकायची. बाईंना फार मजा यायची. आज त्यांच्याकडे कुणी बोट रोखलं नव्हतं, तरी अंगावर काटा आला. मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा त्या स्वयंपाकघरात जाऊन उगीच धुतलेली भांडी धूत बसल्या.

सकाळी त्यांनी अंगदला सांगितलं, "मी परळीला जाते."

अंगदच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "मी येऊ संगं?"

"नको. म्या घाण केली, मीच निस्तरते."

छबुबाई दाराशी आली. "अक्का, आज बेस्तरवार. दुपारी बाया येतेल."

"येऊ दे. तू चालव. रेवतीचं काय ते सांगून टाक एकदाचं बायांना, पाळकांना कळलंय म्हनून."

अंबाजोगाईला गाडी बदलून बाई परळीच्या एसटीत बसल्या. वाटभर त्या मनात जुळवाजुळव करत होत्या. मनिषाला काय म्हणायचं? गंमत अशी, की कुठूनही सुरुवात केली तरी वाक्य 'हे प्रभू' वरच जायचं. माणसाला चूक झाली म्हणायची सवयच नव्हती तोंडाला. देवापुढे त्या रोज पापी होत्या, माणसांपुढे कधीच नाही. थर्मलच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांना मागच्या मागे परतावंसं वाटलं.

दार विहीणबाईंनी, केसरबाईंनी उघडलं. "या," म्हणाल्या, आणि पाणी दिलं. खिडकीच्या फळीवरची राख त्या फडक्याने पुसत राहिल्या. इथे सकाळी पुसली की संध्याकाळी राख पुन्हा बसते. मनिषा घरी नव्हती. इथल्याच एका पार्लरमध्ये शिकायला जात होती. राजनंदिनी मात्र झोपेतून उठून आली, क्षणभर परक्यासारखी बघत राहिली आणि मग आजीच्या मांडीत घुसली. बाईंनी तिच्या केसांत तोंड खुपसलं. इतके दिवस हट्ट धरून आपण काय घालवत होतो, ते त्यांना तेव्हा कळलं.

मनिषा दिवेलागणीला आली. बाईंना बघून दारातच थांबली. मग चप्पल काढून आत आली, वाकून पाया पडली आणि स्वयंपाकघरात गेली. सातला केसरबाईंनी टीव्ही लावला. या घरातही रेवतीच होती. मनिषा गवारीच्या शेंगा घेऊन बाहेर आली आणि मोडत बसली. बाई एका बाजूला, मनिषा दुसऱ्या बाजूला, मधे पोर. जाहिरात लागली.

आता नाही तर कधीच नाही, असं बाईंनी मनाशी म्हटलं. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं, "हे प्रभू, तुज्या या लेकराकडून—"

"आत्या," मनिषा म्हणाली. "डोळे उघडा."

बाईंनी डोळे उघडले.

"देवाला मागून सांगा. आदी मला सांगा."

डोळे उघडे ठेवून बोलणं एवढं अवघड असतं हे बाईंना ठाऊक नव्हतं. समोर मनिषाचा चेहरा होता. बारीक झालेला, डोळ्यांखाली काळा. त्यांनी नजर हलवली नाही. "माजं चुकलं, मनिषा. मला तुला बोलायचं होतं, आन् तोंडावर बोलायची हिंमत न्हवती. म्हनून देवाच्या आडून बोलले. तुज्या मायबापाला बी मधे आनलं. तुजं शिकायचं वाईट न्हवतं. मला वाटलं, तू शिकली तर घरात माजं कोन ऐकंल."

टीव्हीवर मालिका पुन्हा सुरू झाली होती. केसरबाईंनी आवाज बंद केला.

मनिषाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुमी बोललात त्याचं मला लई न्हाई लागलं," ती म्हणाली. "मी उठून दाराबाहेर उभी होते, आत्या. म्हनलं, एक तरी बाई गप बसंल. एक तरी आमेन म्हननार न्हाई. समद्यांनी म्हनलं."

बाईंना हुंदका आवरला नाही. त्या दिवशी दारापलीकडे ही पोर उभी होती आणि आपण चहाच्या कपांची मोजदाद करत होतो. त्यांनी हात पुढे करून मनिषाचा हात धरला. मनिषाने तो सोडवून घेतला नाही. तीही रडायला लागली. राजनंदिनी दोघींच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आज्जे, रेवती मेली का?" तेव्हा केसरबाईंना सगळ्यांत आधी हसू फुटलं.

"पुढच्या बेस्तरवारी त्याच बायांपुढं सांगते," बाई नाक पुसत म्हणाल्या. "माजं चुकलं म्हनून."

"सांगा. पन डोळे उघडे ठिवून सांगा."

"बरं."

"आन् माजा क्लास संपायला महिना हाय. मी तो मधेच सोडनार न्हाई. संपला की येते. केजला एखादी खोली बघायला सांगा त्यांना, पार्लरसाटी."

बाईंना लगेच पुष्कळ काही सुचलं होतं. केजला कशाला, गावातच बघू की. महिना कशाला, पोरीला तरी आज पाठव. सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. त्या म्हणाल्या, "सांगते."

मनिषा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, आणखी काही येतंय का म्हणून. आलं नाही. मग तिने शेंगांचं ताट उचलून बाईंच्या मांडीवर ठेवलं. "तुमी एवढ्या मोडा. मी भाकरीला तवा ठिवते. आज मुक्काम करा, नंदू तुमच्यापाशीच निजंल."

बाई शेंगा मोडायला लागल्या.